मंडळीचा कवी : रेव्ह. नारायण वामन टिळक

ख्रिस्ती मंडळीत फूट पडण्याचे दुःख नवे नाही. करिंथ शहरात मंडळी स्थापन होऊन थोडीच वर्षे लोटली होती, तोच तेथील बंधू कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसाचे, तर कोणी केफाचे म्हणवून घेऊ लागले. ह्या तिघांपैकी एकानेही आपला पक्ष उभारला होता असे दिसत नाही. पक्ष उभारले ते त्यांच्या चाहत्यांनी. पौलाचे मोठेपण हे की, त्याने आपल्या पत्रात इतरांच्या पक्षांबरोबर स्वतःच्या नावाने चाललेल्या पक्षासही तितक्याच कडक शब्दांत दोष दिला. ज्याच्याभोवती लोक जमतात, त्या मनुष्याची खरी परीक्षा येथेच होते. जमलेले लोक तो आपल्यापाशी ठेवून घेतो, की प्रभूकडे पाठवितो?

आपल्या महाराष्ट्रात ह्या परीक्षेतून गेलेला एक पुरुष रेव्ह. नारायण वामन टिळक होय. त्यांचे नाव ठाऊक नाही अशी मराठी ख्रिस्ती मंडळी विरळाच. परंतु त्यांची भजने गाणारे पुष्कळ असले, तरी मंडळीच्या एकीसाठी त्यांच्या जीवनात काय घडले, ते जाणणारे थोडे आहेत. म्हणून त्यांचे चरित्र ह्या दृष्टीने येथे थोडक्यात सांगत आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांची आई जानकीबाई भाविक व कोमल मनाची होती. वडील वामनराव कठोर स्वभावाचे होते. आई लवकर निवर्तली, आणि तिच्यामागे मुलाचे मन घरात रमेना. तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्या विद्वानांपाशी त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले, आणि थोडे इंग्रजी शिक्षणही मिळाले. नाशिकाजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक.

तरुणपणी टिळक एका ठिकाणी फार दिवस टिकले नाहीत. शिक्षकाचे काम, कीर्तन, पुराणकथन, काव्य असे अनेक उद्योग त्यांनी केले. नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने ते काही वर्षे राहिले, आणि ऋषी नावाचे एक धार्मिक मासिकही त्यांनी चालविले. ह्या काळात त्यांच्या मनात एक विचार पक्का होत गेला की, जातिभेद हाच देशाचा मुख्य रोग आहे. सर्व मनुष्ये एका ईश्वराची लेकरे असून परस्परांचे बंधू आहेत, ह्या पायावर एक नवा धर्म आपणच स्थापावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. आपल्या नावाचा पंथ काढण्याची इच्छा ह्या मनुष्याला परकी नव्हती, व त्याजजवळ त्यास लागणारी वाणी आणि बुद्धी दोन्ही होती.

इ. स. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने आदराने बोलणे काढले, काव्यावर गोष्टी केल्या, आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. टिळक तो ग्रंथ वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील उपदेश वाचीत असता त्यांना आढळले की, जो धर्म आपण रचू पाहत होतो, त्याहून थोर असा धर्म कोणी पूर्वीच जगून दाखविला आहे. नवा धर्म स्थापण्याचा बेत तेथेच गळाला. दिनांक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तोही एका भारतीय पाळकाच्या हातून.

ह्या बाप्तिस्म्याने पहिली फूट पडली ती त्यांच्या स्वतःच्या घरात. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरास राहू लागल्या. पतिपत्नीचा हा वियोग चार वर्षांहून अधिक चालला. टिळकांनी ह्या काळात पत्नीस पत्रे लिहिली, कविता धाडल्या, विनवण्या केल्या. परंतु धर्मांतराची सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या, तेव्हाही त्या हिंदूच होत्या आणि आपले सोवळेओवळे पाळीत होत्या. पाळणूक त्यांची, घर टिळकांचे, आणि घरात येणारे-जाणारे सर्व जातींचे! अशा अडचणीतही टिळकांनी त्यांना वेळ दिला. राहुरी येथे असता एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनानेच निर्णय केला की, जातिभेद देवाने केलेला नाही, मनुष्याने केला आहे; आणि त्या दिवसापासून त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. सन 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ही सर्व हकीकत त्यांनी पुढे आपल्या स्मृतिचित्रे ह्या ग्रंथात मोठ्या निर्मळपणाने लिहून ठेविली आहे.

दुभंगलेले घर टिळकांनी कसे सांधले, हे आपल्या मंडळ्यांनी पाहण्याजोगे आहे. त्यांनी आपले मत लपविले नाही. पत्नी आपल्या मताची होईपर्यंत तिला कमी लेखिले नाही. तिच्या जाग्या होणाऱ्या मनाची वाट पाहिली. मंडळीत मतभेद झाला असता आपण ह्यांपैकी पहिली गोष्ट बहुधा करतो, व पुढल्या दोन विसरतो.

आता त्या वेळच्या मराठी मंडळीची स्थिती पाहू. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले, आणि 1831 साली त्यांनी अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) काम आरंभिले. स्कॉटलंडचे मिशनरी 1823 साली कोकणात आले. पुढे मुंबई, पुणे व जालन्याकडे त्यांचे काम पसरले. नाशिकास 1832 पासून इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. नगर जिल्ह्यातच एस. पी. जी. हे अँग्लिकन मिशनही आले. मेथडिस्ट बंधू आले, मुक्तिफौज आली. प्रत्येकाने कष्ट केले, शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिले. परंतु प्रत्येकाबरोबर त्याची उपासनापद्धती, त्याचे नियम आणि त्याचे नावही आले. परिणाम असा झाला की, नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला व महारवाड्यातील कुटुंबाला अमेरिका व इंग्लंड येथील जुन्या वादांचे वारस व्हावे लागले. ज्या वादांशी त्याचा काडीइतका संबंध नव्हता, त्यांच्यामुळे तो आपल्या शेजारच्या गावातील ख्रिस्ती बंधूहून निराळा ठरला.

ह्या बाहेरून आलेल्या भेदांस घरातला भेद मिळाला. खेड्यांतून मंडळीत आलेले बहुतेक लोक महार व मांग समाजांतले होते, काही थोडे वरच्या जातींचे. बाप्तिस्म्याने नाव बदलले तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच एका दिवसात जात नाही. एका पेल्यातून प्रभुभोजन घेणे ही आज आपणांस साधी गोष्ट वाटते. त्या पिढीला ती डोंगर चढण्याइतकी अवघड होती. पंक्तीत कोण कोठे बसतो, सोयरीक कोणाशी होते, पाळक कोणाच्या घरचा, असे प्रश्न मनात राहत.

अशा मंडळीत टिळक आले. नगरास डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या धर्मशिक्षणशाळेत ते शिकवू लागले. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. जन्माने ब्राह्मण, विद्येने पंडित, आणि कवी म्हणून मंडळीबाहेरही मान्यता पावलेले! असा मनुष्य मनात आणता, तर निवडक शिक्षितांची एक वेगळी मंडळी सहज उभी करता. टिळकांनी तसे केले नाही. ते राहुरीच्या व नगरच्या परिसरातील गरीब मंडळ्यांत मिसळले. दुष्काळ व प्लेग यांच्या दिवसांत अनाथ व टाकून दिलेली मुले त्यांच्या घरी आली आणि तेथेच वाढली. पुढे बालकवी म्हणून गाजलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही त्यांच्या नगरच्या घरी राहिले. ते हिंदू होते व हिंदूच राहिले, आणि त्या घराचे लाडके होते.

परंतु एकीसाठी टिळकांच्या हातून जे सर्वांत मोठे काम झाले, ते त्यांच्या गाण्याने. त्यांच्या पूर्वीही मराठीत ख्रिस्ती गीते होती. पण त्यांतील पुष्कळशी परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरे होती. खेड्यातील स्त्रीपुरुषांची जीभ त्या चालींत अडखळे. टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या ओवी-अभंगांचे वळण घेतले, आणि त्यात प्रभू येशूची भक्ती ओतली. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणता येईल, जात्यावर गुणगुणता येईल, पाठ करण्यास पुस्तक लागणार नाही असे भजन मंडळीला मिळाले. त्यांनी रचलेली सुमारे अडीचशे गीते मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आली.

ह्यात एकी कोठे आली, असे कोणी विचारील. ती अशी. मतांगीकार निरनिराळे होते, उपासनेची पुस्तके निरनिराळी होती, पाळकांचे पोशाखसुद्धा निरनिराळे होते; पण टिळकांची भजने सर्वांची झाली. अमेरिकन मिशनच्या साध्या मंदिरात ती गाइली गेली, अँग्लिकन देवळात गाइली गेली, स्कॉटिश मंडळीत व मेथडिस्ट सभेतही गाइली गेली. ज्यांना एका मेजाशी बसण्यास अजून परवानगी नव्हती, ते एका अभंगात अगोदरच एकत्र झाले. आणि एका गीताच्या दोन ओळी कोणत्या जातीच्या कंठातून निघतात, हे कानाला ओळखता येत नाही. वाद करून जी भिंत पडली नसती, ती गाताना पुष्कळांच्या ध्यानातच राहिली नाही.

इ. स. 1909 साली त्यांनी ख्रिस्तायन हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिले. त्यांच्या हातून आरंभीचे सुमारे अकरा अध्याय झाले. पुढील फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्णतेस नेले. एकेकाळी ज्या पत्नीने त्यांच्या घरचे पाणी वर्ज्य मानले होते, तिनेच त्यांचा अपुरा ग्रंथ पुरा करावा, ही गोष्ट वाटेल त्या प्रवचनापेक्षा अधिक बोलकी आहे. सन 1912 पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादन टिळकांकडे आले, ते अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. त्या पत्रातून ते भारतीय मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, परदेशी पैशावर व परदेशी हुकमावर विसंबू नये, असे सडेतोडपणे लिहीत.

येथे चरित्रातील अवघड प्रसंग येतो, आणि तो झाकून ठेवणे योग्य नाही. सन 1917 साली टिळकांनी संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले व अमेरिकन मिशनची नोकरी सोडिली. पगार घेऊन उपदेश करणारा मनुष्य आपल्या देशबांधवांना ख्रिस्ताचा साधू न वाटता साहेबांचा चाकर वाटतो, असे त्यांना दिसून आले होते. त्यानंतर साताऱ्यास राहून त्यांनी देवाचा दरबार ह्या नावाने एक बंधुसंघ आरंभिला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्यात बंधू म्हणून यावा, अशी त्यांची कल्पना होती.

पुष्कळ ख्रिस्ती लोकांना ह्याची चिंता वाटली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. बाप्तिस्मा व मंडळीची शिस्त ह्यांचे महत्त्व अशाने कमी होईल की काय, हा प्रश्न खरा होता. टिळकांच्या ह्या कल्पनेशी आपण सर्वस्वी सहमत असलेच पाहिजे असे नाही. पण त्यांनी काय केले नाही, इकडे लक्ष द्यावे. मिशन सोडिली, तरी एखादी मंडळी फोडून ते आपल्याबरोबर घेऊन गेले नाहीत. आपल्या भजनांवर मालकी सांगून ती मंडळ्यांकडून काढून घेतली नाहीत. ज्ञानोदयाचे काम त्यांनी टाकिले नाही, व मिशननेही ते त्यांच्या हातून काढले नाही; मतभेद असलेल्या दोन पक्षांनी एकच पत्र मिळून चालविले. दरबार हा नवा पंथ व्हावा असे त्यांना वाटत नव्हते. पंथांच्या भिंतींपलीकडे बंधुभाव पोहोचावा हाच त्यांचा हेतू होता. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःचा धर्म काढू पाहणारा हा मनुष्य, लोक त्याच्या शब्दासाठी आतुर असताना, आपल्या नावाचा पंथ न काढता राहिला. डोंगरावरील उपदेशाने त्याच्या मनाचे काय केले होते, ते येथे दिसते.

दरबाराचे काम नीट उभे राहण्यास अवधी मिळाला नाही. टिळक आजारी पडले. त्यांना मुंबईस आणण्यात आले, आणि 9 मे 1919 रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेविला. ज्या शहरात त्यांना बाप्तिस्मा मिळाला, त्याच शहरात त्यांचा शेवट झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला, आणि अस्थी नगरास नेण्यात आल्या. त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही. पण भजने चालू राहिली.

पुढील इतिहास वाचकांनी लक्षात घ्यावा. टिळकांचे इंग्रजी चरित्र 1923 साली प्रसिद्ध झाले, ते जे. सी. विन्स्लो ह्या अँग्लिकन मिशनऱ्याच्या लेखणीतून उतरले होते. अमेरिकन मिशनच्या पाळकाचे चरित्र दुसऱ्या पंथाच्या पाळकाने प्रेमाने लिहावे, हे पन्नास वर्षांपूर्वी नगरात घडणे कठीण होते. सन 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त मंडळी झाली, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन ती संयुक्त मंडळी व अँग्लिकन मंडळी ह्यांसह सहा मंडळ्या एक झाल्या. ज्या नागपुराहून टिळक 1893 साली त्या आगगाडीत बसले होते, त्याच नगरात हे घडले. ह्या ऐक्याचे श्रेय एकट्या टिळकांना देणे अन्यायाचे होईल. त्यासाठी पुष्कळांनी चाळीस वर्षे वाटाघाटी केल्या. तथापि मराठी मंडळ्यांपुरते बोलावयाचे, तर कागदावर सह्या होण्यापूर्वी त्यांचे कंठ एक झालेले होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता आपल्याकडे वळू. खेड्यांतून निघालेली आपली कुटुंबे पोटासाठी मुंबईस आली, आणि भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर अशा उपनगरांत वसली. तेथे एकाच चाळीत नगरकडचे, जालन्याकडचे आणि नाशिककडचे ख्रिस्ती शेजारी राहतात. आजोबा कोणत्या मिशनचे, हे नातवाला ठाऊकही नसते. जुने भेद असे आपोआप विरघळावेत. पण त्यांची जागा नवे भेद घेतात. कोणी एका पाळकाच्या बाजूचा, कोणी दुसऱ्याच्या. कोणी ह्या गावच्या भावकीचा, कोणी त्या. पंचांच्या निवडणुकीत हरलेला बंधू दुसऱ्या रविवारी पलीकडल्या खोलीत निराळी प्रार्थनासभा भरवितो, आणि तिला नवे नाव देतो. खेड्यातील मंडळ्यांतही हेच चालते. तेथे खोली नसते, पिंपळाचा पार असतो, इतकेच.

अशा वेळी टिळकांच्या चरित्रातून आपण कोणती गोष्ट घ्यावी? मतभेद नसावेत, ही नव्हे. टिळकांना मतभेद होते, तीव्र होते, व ते त्यांनी छापून सांगितले. वडील मंडळी जे करतील त्यास मान डोलवावी, ही एकी नव्हे. ती केवळ शांतता आहे, आणि ती फार दिवस टिकत नाही. घ्यावयाची गोष्ट ही की, ज्याला मंडळीविषयी तक्रार आहे त्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मी माझे म्हणणे उघड मांडले आहे काय, की घरोघर कुजबुजत आहे? माझे ऐकावयास आलेल्या लोकांना मी मंडळीत परत पाठवितो, की माझ्याभोवती ठेवितो? आणि माझ्या हातून मंडळीला असे काही मिळाले आहे काय, की जे माझ्या विरोधकालाही रविवारी आनंदाने वापरता येईल? टिळकांची भजने त्यांच्याशी न पटणारे लोकही गात होते. ज्याच्या देणगीचा उपयोग त्याचा विरोधकही करतो, त्याच्या मतभेदाने मंडळी फुटत नाही.

आणि जे मंडळीचे वडील, पंच व पाळक आहेत, त्यांनीही ह्या चरित्रातून आपला वाटा घ्यावा. मिशन सोडून गेलेल्या टिळकांच्या हातून पत्र काढून न घेणारे लोक शहाणे होते. रुसून दूर गेलेल्या बंधूचे नाव यादीतून खोडणे सोपे आहे. पण त्याच्याकडे एखादे काम राहू दिले, तर त्याची वाट मंडळीकडे उघडी राहते. कोणाचा गळा गोड असेल, कोणाला हिशेब चांगला येत असेल, कोणी मुलांना शिकवीत असेल. ते काम त्याच्या हाती असू द्यावे.

येत्या रविवारी आपल्या मंडळीत टिळकांचे एखादे भजन निघेल, तेव्हा ते म्हणताना ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याचाही आवाज त्यात आहे हे ऐकावे. भजन संपल्यावर दाराशी थांबावे, आणि त्याला आधी हाक मारावी. प्रभू आपणा सर्वांस तेवढे धैर्य देवो.